अंगणातील गणित

लहान मुलांनी हाताची घडी घालून निमूट बसावे म्हणजे वर्गात शिस्त आहे, अशी समजूत अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः सहा वर्षांच्या बालकाला तासभर निश्चल बसविणे ही एक प्रकारची शिक्षाच होय. त्यात त्याचे लक्ष पाठापेक्षा स्वतःला आवरून धरण्यातच खर्ची पडते.

या प्रश्नाचा विचार आजच्या पालघर जिल्ह्याच्या भूमीत फार पूर्वी झालेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे नेले. अनुताई वाघ या त्यांच्या निकटच्या सहकारी. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच पाड्यावर जावे, या विचारातून अंगणवाडी साकार झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरली. महागड्या साधनांची जागा खडे, शिंपले, बिया व पाने यांनी घेतली. वेचणे, मांडणे, मोजणे या हालचालींतूनच पाठ घडत असे.

वसई-विरार परिसरातील शाळांना हा मार्ग दूरचा नाही. ओसरीवर खडूने शून्य ते वीस अंकांची पट्टी आखावी. मुलाने तीनवर उभे राहून चार उड्या माराव्यात. तो सातवर पोहोचतो. मागे उड्या मारल्या की वजाबाकी झाली. अंगणाची लांबी पावलांनी मोजल्यास प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते आणि मीटरपट्टी कशासाठी हवी, हे न सांगता उमगते. पटसंख्या मोठी असल्यास निम्म्या मुलांनी उड्या माराव्यात, उरलेल्यांनी उत्तर पाटीवर लिहावे. मग अदलाबदल करावी. अपंग बालकाला हाताने खडा सरकवून त्यात सहभागी होता येते.

यासाठी खेळाचा स्वतंत्र तास कमी करावा, असे मात्र नव्हे. मुलांना मनसोक्त धावणेही हवेच.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांच्या टप्प्यासाठी खेळ व कृती यांवर आधारित अध्ययनाचा पुरस्कार करण्यात आला आहे. तथापि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने वर्गातील गलबल्याला बेशिस्त ठरविले, तर शिक्षक पुन्हा घडीकडेच वळेल. वाढत्या वस्तीत मोकळी जागा आक्रसत असताना, शाळेच्या अंगणात वाहने उभी राहणार नाहीत आणि बांधकामाची खडी पडणार नाही, एवढी दक्षता स्थानिक लोकप्रतिनिधींना निश्चित घेता येईल.