पाच अधिक तीन

जुन्नर तालुक्यातल्या येडगावातून बारावी करून मी पुण्याला पाच वर्षांच्या बीए एलएलबीला गेले. आता फौजदारी वकिली करते. गावची मुलं-मुली विचारतात, "ताई, आधी बीए करू की थेट कायद्याला जाऊ?" त्यांना सांगते ते असं.

१. याच क्षेत्रात यायचं पक्कं असेल तर थेट जा. बीए आणि मग एलएलबी केलं तर सहा वर्षं जातात. एकत्रित अभ्यासक्रमात दोन्ही पाच वर्षांत होतं. त्यासाठी बारावीला असतानाच विधी सीईटीची तयारी करा. मन डळमळीत असेल तर आधी बीएच बरं.

२. सायन्सवाल्यांनाही वाट आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावं, अशी तरतूद नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात बीएस्सी-एमएस्सी सलग पाच वर्षांत होते.

३. समाजशास्त्र टाळू नका. बांधावरून डोकी फुटली की कलम लगेच सापडतं. पण वाटणी, पाण्याची पाळी आणि भावकी कळल्याशिवाय भांडणाचं मूळ हाती लागत नाही.

४. जुना कायदाही शिका. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि चोरीचं कलम ३७९ चं ३०३ झालं. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना मात्र दंड संहिताच लागते. असे खटले अजून बरीच वर्षं चालतील.

५. सुट्टीत जुन्नरच्या कोर्टात बसा. उदाहरणार्थ, विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेल्याचा साधा पंचनामा घ्या. गट नंबर, केबल कुठून कापली, किती वाजता पाहणी केली, खाली दोन पंचांच्या सह्या. उलटतपासणीत पंचाला विचारतात, "सही विहिरीवर केली की पोलीस ठाण्यात?" तिथे पंच अडखळला की पंचनाम्यातला जीवच जातो. पुराव्याचा कायदा मला अशा प्रश्नांतून कळला.

६. न्यायाधीश व्हायचंय? मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. त्या तीन वर्षांत ज्युनिअरला मिळकत बेताचीच असते. म्हणून पाच अधिक तीन, असा आठ वर्षांचा हिशेब प्रवेश घेतानाच आई-वडिलांसमोर मांडा. मुलीच्या घरी तर नक्कीच मांडा, म्हणजे पदवी हातात पडताच लग्नाची घाई होणार नाही.