सौर बंबाचा पाठ : गच्चीवरचं पाणी गरम होतं तरी कसं?



"सौर ऊर्जेचे उपयोग लिहा" हा प्रश्न आपण सगळेच देतो. सौर चूल, सौर दिवा, सौर बंब अशी उत्तरं मुलं पाठ करून लिहितात आणि आपण बरोबरची खूण करतो. मीही तेच करायचे. मागच्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो मान खाली घालूनच. घरचे सगळे चार दिवस गावाला गेले होते. परत आल्यावर लहान बहिणीच्या आंघोळीसाठी यानेच सोलरचा नळ सोडला आणि तिचा पाय भाजला. "मॅडम, चुलीवर काही ठेवलंच नव्हतं, मग पाणी एवढं कसं तापलं?" असं तो मला विचारत होता. याच मुलाने सौर ऊर्जेच्या प्रश्नाला पूर्ण गुण मिळवले होते!

तेव्हापासून मी हा पाठ वेगळ्या पद्धतीने घेते. तुम्हालाही उपयोग होईल म्हणून इथे देत आहे.

सुरुवात : मुलांच्या अनुभवातून

आपल्या सोलापुरात मे महिन्यात दुपारी नळ सोडला तर हात पोळतो. गच्चीवरची काळी टाकी म्हणजे फुकटचा सौर बंबच! मुलांना विचारा, "मग जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, त्याच टाकीचं पाणी सकाळी गार का असतं? ऊन तर तेव्हाही असतं." मुलं भरपूर उत्तरं देतात. ती फळ्यावर लिहून घ्या, लगेच चूक-बरोबर ठरवू नका.

कृती 1 : दोन बाटल्या

सारख्या आकाराच्या दोन बाटल्या घ्या. एकीला काळा रंग द्या, दुसरीला पांढरा. दोन्हींत सारखं पाणी भरून मैदानात उन्हात ठेवा. दोन तासांनी थर्मामीटरने तापमान मोजा. काळ्या बाटलीतलं पाणी जास्त तापलेलं दिसेल, कारण काळा रंग ऊन शोषून घेतो. आता दोन्ही बाटल्या सावलीत ठेवा. थोड्या वेळाने दोन्ही गार होतात. म्हणजे उष्णता मिळवणं हे अर्धंच काम. ती टिकवणं हे उरलेलं अर्धं.

कृती 2 : गरम पाणी वर का जातं?

काचेच्या बरणीत गार पाणी घ्या. छोट्या बाटलीत शाई घातलेलं गरम पाणी भरून (हे शिक्षकांनीच करावं) ती बाटली अलगद बरणीत तळाशी सोडा. रंगीत पाणी धुरासारखं वर चढताना दिसेल. तापलेलं पाणी प्रसरण पावतं, हलकं होतं आणि वर जातं.

आता सौर बंब समजतो

काचेच्या नळ्यांच्या प्रकारात प्रत्येक नळी दुहेरी असते. आतल्या नळीवर ऊन शोषणारा गडद लेप असतो आणि दोन काचांमधली हवा काढून टाकलेली असते. थर्मासमध्ये असते तशीच ही पोकळी, त्यामुळे आत आलेली उष्णता सहज बाहेर जात नाही. नळीतलं पाणी तापतं, हलकं होऊन वरच्या टाकीत जातं आणि टाकीतलं गार पाणी खाली नळीत येतं. दिवसभर हे चक्र चालू राहतं. पंप नाही, वीज नाही. टाकीभोवती उष्णतारोधक फोमचा जाड थर असतो, म्हणून काल दुपारचं पाणी आज सकाळी गरम मिळतं. साध्या काळ्या टाकीला हे कवच नसतं. जानेवारीच्या रात्री ती सगळी कमाई गमावून बसते.

दुसरं कारण सूर्याच्या उंचीचं. सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तो आपला शून्य सावली दिवस. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भरदुपारीही तो दक्षिणेला फक्त 49 अंशांवर असतो. तिरप्या उन्हाला समोरून झेलता यावं म्हणून बंबाचं तोंड दक्षिणेकडे असतं आणि तो सुमारे 30 अंश कलता ठेवतात. शाळेभोवतीच्या गच्च्या मुलांना दाखवा, सगळे बंब एकाच दिशेला का बघतात ते त्यांनाच शोधू द्या.

वरच्या वर्गांसाठी हिशोब

1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला 1 किलोकॅलरी उष्णता लागते. 100 लिटर पाणी 20 वरून 60 अंशांवर न्यायला 100 × 40 = 4000 किलोकॅलरी. विजेचं 1 युनिट म्हणजे सुमारे 860 किलोकॅलरी. म्हणजे साधारण 4.65 युनिट! 2 किलोवॅटचा गिझर सव्वादोन तासांहून जास्त चालवावा लागेल. आजीच्या तांब्याच्या बंबाला किती लाकूड लागायचं, ते मुलांना घरी विचारून यायला सांगा.

आपल्या गावची अडचण

शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. वरची टाकी संपली की बंबाच्या नळ्या कोरड्या पडून कडक तापतात. अशात भर दुपारी गार पाणी सोडलं तर काच तडकू शकते. ऊन उतरल्यावर किंवा सकाळी लवकरच पाणी भरावं. बोअरचं पाणी जड असल्याने आत क्षारांचा पांढरा थर साचतो आणि पाणी नीट तापत नाही. वर्षातून एकदा तरी साफ करून घ्यावं. टाकीवरची हवेची उभी नळी कधीही बंद करू नये.

सगळ्यात महत्त्वाचं

पाणी वापरलं नाही तरी ऊन थांबत नाही. घर बंद असताना टाकीतलं पाणी रोज आणखी तापत जातं. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं. 60 अंशांचं पाणीसुद्धा काही सेकंदांत भाजतं, लहान मुलांना तर अजून लवकर. म्हणून वर्गात हे नियम म्हणून घ्या :

- बादलीत आधी गार पाणी, मग गरम.
- मोठ्यांनी हात लावून पाहिल्याशिवाय अंगावर पाणी नाही.
- गरम पाण्याच्या नळावर लाल खूण.
- भाजलंच तर नळाच्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरायचं. बर्फ, हळद, टूथपेस्ट काही नाही. मग लगेच डॉक्टर.

गृहपाठ म्हणून घरातल्या किंवा शेजारच्या बंबाचं चित्र काढून गार पाण्याची वाट निळ्या आणि गरम पाण्याची वाट लाल रंगाने दाखवायला सांगा.

त्या मुलीचा पाय आता पूर्ण बरा आहे. तिच्या दादाने घरच्या नळाला लाल रंग दिला आणि वर्गात येऊन सगळ्यांना कारणासकट सांगितलं. पूर्ण गुण मी त्याला तेव्हा दिले.

तुम्ही हा पाठ घेतलात तर मुलांनी काय काय प्रश्न विचारले, ते नक्की कळवा.