रात्री दारावर थाप

दिवसभर राबून माणूस झोपला आहे. एवढ्यात दारावर थाप पडते. बाहेरून हाक येते, "आहेस का रे घरात? ऊठ, बाहेर ये!" बायकामुलं दचकून उठतात. आपल्या घरी असं झालं तर?

उत्तर प्रदेशात खडकसिंग नावाच्या माणसाच्या घरी असेच होत असे. १९४१ साली दरोड्याच्या एका प्रकरणात पोलिसांनी त्याला धरले. पुरावा काही मिळाला नाही, म्हणून सोडून दिले. गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण ठाण्यात त्याच्या नावाचे दप्तर उघडले गेले. घरावर गुपचूप पहारा बसला. तो कुठे जातो, काय कमावतो, याची चौकशी होऊ लागली. गाव सोडायचे तर चौकीदाराला सांगून जायचे. आणि रात्री शिपाई दारात हजर!

खडकसिंग गप्प बसला नाही. तो थेट दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९६२ मध्ये सहा न्यायाधीशांनी निकाल दिला. रात्री घरी जाऊन माणसाला उठवणे त्यांनी बेकायदा ठरवले. हे चांगले झाले. पण बाकीची पाळत चौघांनी तशीच ठेवली. खाजगीपणाचा हक्क आपल्या घटनेत नाही, असे त्यांचे म्हणणे. न्यायमूर्ती सुब्बाराव आणि आणखी एक न्यायाधीश यांना हे पटले नाही. ज्याच्या प्रत्येक पावलावर पोलिसांची नजर आहे, त्याला सारा देशच तुरुंग, असे सुब्बाराव यांनी लिहिले. पण ते दोघेच होते.

आता चौकीदाराचे काम यंत्र करते. चौकीदाराला निदान झोप तरी येत असे! आपला मोबाइल चालू असला, की तो जवळच्या टॉवरशी जोडलेला राहतो. कोणता फोन कोणत्या टॉवरखाली होता, याची नोंद कंपनीकडे राहते. तपासासाठी पोलीस ती मागवू शकतात. मुंबईत २००८ च्या हल्ल्यानंतर चौकाचौकांत कॅमेरे आले. याने चोर सापडतात, हे खरेच. पण ज्याने काही केले नाही, त्याचीही नोंद होतेच ना?

हा प्रश्न पुन्हा न्यायालयात आला. या वेळी आधारच्या निमित्ताने, पुट्टस्वामी नावाचे निवृत्त न्यायाधीश गेले होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खडकसिंगच्या निकालातले ते जुने म्हणणे रद्द झाले. याला पंचावन्न वर्षे लागली. आता सरकारला आपल्या खाजगी गोष्टींत डोकवायचे, तर कायदा हवा, रास्त कारण हवे, आणि डोकावणे त्या कारणापुरतेच हवे.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. हल्ली ठग पोलिसांचा गणवेश घालून फोनवर दिसतात. "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे. कॅमेरा बंद करू नका, कोणाशी बोलू नका, पैसे पाठवा," असे दरडावतात. पोलिसांच्या भीतीने शिकलेली माणसंही फसली आहेत. अशी अटक आपल्या कायद्यात नाहीच. पोलीस व्हिडिओवर कोणाला अटक करत नाहीत आणि सुटकेसाठी पैसेही मागत नाहीत. असा फोन आला तर तो बंद करा आणि घरातल्यांना सांगा. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा.