मातृभाषेचा रकाना

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जात, धर्म, जन्मतारीख यांच्या बरोबरीने ‘मातृभाषा’ असाही एक रकाना असतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तोच उतरतो. पंचवीसहून अधिक वर्षे आम्ही हा रकाना भरत आलो. सोलापुरातील पद्मशाली विद्यार्थ्यांपुढे तेलुगू लिहिले, अक्कलकोटकडच्या कित्येकांपुढे कन्नड लिहिले आणि उरलेल्या सर्वांपुढे, फारसा विचार न करता, मराठी. या उरलेल्यांत कैकाडी होते, पारधी होते, तांड्यावरचे लमाण होते. त्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही, हे आम्हाला ठाऊक होते. इतिहास शिकवणाऱ्याने चुकीची नोंद करावी आणि ती चूक आहे असे त्याच्या मनातही येऊ नये, याचे आज नवल वाटते.

कैकाडी ही द्राविडी कुळातील, तमिळला जवळची भाषा आहे. फोकाच्या पाट्या, कणग्या आणि डालगी विणत गावोगाव फिरणाऱ्या या समाजाने मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहूनही ती घरात सांभाळली. पारध्यांची बोली भिल्ली-गुजराती वळणाची, तर लमाणांची गोरबोली राजस्थानीच्या जवळची. वसतिगृहाच्या एका पंगतीत ही तीन मुले शेजारी बसली, तर तिघांना एकमेकांशी बोलण्यासाठी मराठीच लागते. म्हणूनच कदाचित आमचा समज झाला असावा, की त्यांची भाषा तीच.

या बोलींची पहिली मोठी शास्त्रीय नोंद ‘भारताच्या भाषिक सर्वेक्षणा’त झाली. १९०६ च्या चौथ्या खंडात कैकाडी तमिळच्या बोलींत आली. पुढच्याच वर्षी पारधी आणि लमाणी भिल्ली भाषांबरोबरच्या खंडात आल्या. या प्रचंड कामाचे प्रमुख जॉर्ज ग्रिअर्सन हे मूळचे आयर्लंडचे, डब्लिन परगण्यातले. त्यांचा जन्म १८५१ चा. त्याच वर्षी आयर्लंडच्या जनगणनेत लोकांना प्रथमच भाषेविषयी प्रश्न विचारला गेला. तेव्हा सुमारे १५ लाख लोकांनी आयरिश येत असल्याचे सांगितले. चाळीस वर्षांनंतर हा आकडा ७ लाखांच्या खाली आला होता.

आयरिश भाषेची ही घसरण कशी झाली, हे आमच्या विषयासाठी समजून घेण्यासारखे आहे. १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि दुष्काळ पडला. सुमारे दहा लाख माणसे दगावली, तितकीच परदेशी गेली. त्यांत आयरिश बोलणारा पश्चिमेकडील गरीब शेतकरी सर्वाधिक होता. परंतु दुष्काळापूर्वीच शाळेने आपले काम सुरू केले होते. १८३१ पासूनच्या सरकारी शाळांत शिक्षण इंग्रजीतून असे. मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवीत. तो आयरिश बोलला की तिच्यावर खाच पाडीत आणि दिवसअखेर खाचा मोजून छड्या देत. यातली विलक्षण गोष्ट अशी, की कित्येक ठिकाणी खाच पाडणारे हात आईबापांचेच असत. अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर इंग्रजी उपयोगी पडेल, आयरिश नाही, हा त्यांचा हिशेब होता. त्या हिशेबाला चूक म्हणणे आम्हाला जड जाते.

आपल्याकडे गळ्यात काठी अडकवावी लागली नाही. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारित रूपात मुंबई इलाख्यात लागू झाला आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाआडची वसाहत उभी राहिली. कैकाडी, पारधी आणि इतर अनेक जमातींची कुटुंबे तेथे ठेवली गेली. रोज हजेरी, बाहेर जायचे तर पास आणि दिवसभर गिरणीत काम. ‘सेटलमेंट’ हा शब्द आजही सोलापूरकरांच्या तोंडी वस्तीचे नाव म्हणून आहे. ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांची न समजणारी भाषा ही चोरांची सांकेतिक भाषाच, असा ग्रह होण्यास वेळ लागला नाही. वास्तविक सांकेतिक बोली आणि मातृभाषा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धंद्यापुरते गुपित शब्द सराफांकडे आणि दलालांकडेही असतात. म्हणून कोणी त्यांच्या घरातल्या अंगाईवर संशय घेत नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. संशय मात्र राहिला. सुट्टी संपवून मुलाला वसतिगृहात सोडायला आलेली एक पारधी माता त्याला एसटीत तोंड उघडू देत नसे, कारण बोली कानी पडताच शेजारचे प्रवासी आपल्या पिशव्या जवळ ओढीत. हे तिनेच आम्हाला सांगितले, तेही तक्रार म्हणून नव्हे. पोराला चांगली मराठी शिकवा, एवढेच तिचे मागणे होते.

आम्ही ते मागणे आमच्या पद्धतीने पुरे केले. घरची बोली बोलताना सापडलेल्या मुलाने त्या दिवशी पंगतीची ताटे घासायची, असा नियम काही वर्षे आमच्याच देखरेखीखाली चालला. हेतू वाईट नव्हता. मराठी आणि इंग्रजी आल्यावाचून या मुलांना कचेरी, न्यायालय, महाविद्यालय यांची दारे उघडणार नाहीत, हे आमचे मत आजही कायम आहे. परंतु एक भाषा काढल्याखेरीज दुसरी आत शिरत नाही, हे आम्हाला कोणी सांगितले होते? पहिलीत महिनोन्‌महिने गप्प बसणाऱ्या मुलाला आम्ही मंद समजलो. कैकाडी मुलगा ‘तो पाटी’, ‘ते भिंत’ लिही, तेव्हा तांबड्या शाईने वही भरून टाकली. द्राविडी भाषांत निर्जीव वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नसते. मराठीत पाटी स्त्रीलिंगी का, याचे उत्तर त्याला घरून मिळणार नव्हते आणि आमच्याकडेही नव्हते. एवढी माहिती असती तरी ती शाई निम्म्याने वाचली असती.

आयर्लंडने पुढे प्रयत्नांची शिकस्त केली. १८९३ मध्ये गेलिक लीग स्थापन झाली, १९२२ मध्ये स्वतंत्र राज्य आले, १९३७ च्या संविधानाने आयरिशला पहिल्या राजभाषेचे स्थान दिले आणि २००७ मध्ये ती युरोपीय संघाची अधिकृत भाषा झाली. शाळांत ती सक्तीची आहे. तरीही २०२२ च्या जनगणनेत आयरिश येते म्हणणारे सुमारे १८ लाख ७४ हजार निघाले, तर शाळेबाहेर ती रोज बोलणारे अवघे ७२ हजार. सरकार भाषेचे गुण देऊ शकते, चुलीपाशी ती बोलवून घेऊ शकत नाही. मात्र या खटाटोपाला आम्ही वाया गेलेला मानत नाही. आज तेथे पालक आपण होऊन आयरिश माध्यमाच्या बालवाड्या काढतात. ती बोलण्याची लाज गेली, ही कमाई लहान नव्हे.

आपल्या संविधानातील ३५० क हे कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याचा प्रयत्न करण्यास सांगते. सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, कारण या भाषांना कुठेतरी राज्य आहे, लिपी आहे, क्रमिक पुस्तके आहेत. कैकाडीला यातले काहीच नाही. जनगणनेच्या तक्त्यात ती तमिळखाली मोजली जाते, पारधी भिल्लीखाली. आणि २०११ मध्ये ३२ लाखांहून अधिक लोकांनी नोंदवलेली लमाणी हिंदीखाली. लक्ष्मण माने यांच्या १९८० च्या ‘उपरा’ने कैकाडी जगणे मराठी वाचकापुढे आणले, ते अर्थातच मराठीतून. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या लोकसर्वेक्षणात भटक्या-विमुक्तांच्या भाषांना स्वतंत्र जागा मिळाली, हे अलीकडचे मोठे काम. एका जाणत्या कैकाडी गृहस्थांना त्याविषयी सांगितले, तेव्हा ते म्हणाले, “माझ्या नातवंडांना समजतं सगळं, उत्तर मात्र मराठीत देतात.” आयर्लंडच्या कित्येक खेड्यांतही भाषा अशीच सरली: आजी एका भाषेत विचारी, नातू दुसऱ्या भाषेत उत्तर देई.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात दोन ब्राह्मणकुलीन भिक्खूंची कथा आहे. निरनिराळ्या कुळांतून आलेले भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवतात, म्हणून ते छंदसात बसवावे, अशी विनंती त्यांनी केली. भगवंतांनी ती नाकारली आणि ते आपल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. ‘आपल्या’ म्हणजे बुद्धाच्या की शिकणाऱ्याच्या, यावर बुद्धघोषापासून मतभेद आहे. आम्ही हा उतारा वर्गात अनेकदा शिकवला. ताटे घासणारी मुले त्याच वर्गात बसत होती.

जनरल रजिस्टरातील जुन्या नोंदी आम्हाला आपल्या मनाने बदलता येत नाहीत. त्या ‘मराठी’च राहतील. गेल्या जूनमध्ये मात्र सेटलमेंटमधील एक आजी नातवाला घेऊन प्रवेशासाठी आल्या, तेव्हा मातृभाषेच्या रकान्याशी आम्ही थांबलो आणि घरी काय बोलता, असे विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “लिवलं तर पोराला काय तरास न्हाई ना, गुरुजी?” नाही, असे आम्ही सांगितले. त्यांनी नातवाला काहीतरी विचारले, ते आम्हाला समजले नाही. मुलाने आमच्याकडे पाहिले आणि मराठीत म्हणाला, “लिहा.”