ब्रह्मदेवाचा दिवस आणि गृहस्थाची रात्र

विश्वाची उत्पत्ती केव्हा झाली, ते कशापासून झाले आणि त्याचा लय कोठे होतो, हे प्रश्न मानवी बुद्धीइतकेच जुने आहेत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त अवघ्या सात ऋचांचे आहे. परंतु त्याच्या द्रष्ट्याने आरंभाविषयी सुलभ उत्तर देण्याचा मोह टाळला आणि सूक्ताचा शेवटही संशयातच ठेवला. ज्या परंपरेच्या मुळाशी इतका निर्भय प्रश्न आहे, त्या परंपरेतील गृहस्थाला आपल्या मुलाच्या प्रश्नाचे भय वाटण्याचे कारण नाही.

तो प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. मुलगा शाळेतून शिकून येतो की, विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आणि पृथ्वीचे सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. घरी तो ऐकतो की, ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा असतो. मग तो विचारतो, "बाबा, यांतले खरे कोणते?" या प्रश्नाला दोन उत्तरे झटपट मिळतात. कोणी म्हणतो, जुने सारे कल्पित आहे, ते सोडून दे. कोणी म्हणतो, पृथ्वीचे वय आणि ब्रह्मदेवाचा दिवस जवळजवळ सारखेच निघाले, म्हणजे ऋषींना सर्व काही ठाऊक होते. पहिल्या उत्तराने मुलाच्या श्रद्धेला धक्का बसतो, दुसऱ्याने त्याच्या सत्यनिष्ठेला. दोन्ही उत्तरांत उणीव मात्र एकच आहे. शास्त्राने ही संख्या कशासाठी सांगितली, याचा विचार दोघांनीही केलेला नाही.

१. कल्पाचे गणित

प्रथम गणित नीट समजून घ्यावे. कलियुग ४,३२,००० वर्षांचे, द्वापर त्याच्या दुप्पट म्हणजे ८,६४,००० वर्षांचे, त्रेता तिप्पट म्हणजे १२,९६,००० वर्षांचे आणि कृतयुग चौपट म्हणजे १७,२८,००० वर्षांचे. या चारांची बेरीज ४३,२०,००० वर्षे होते. हे एक महायुग. अशी एक सहस्र महायुगे म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, अर्थात् कल्प. आणि तेवढीच त्याची रात्र. एका कल्पात चौदा मनू होतात. प्रत्येक मनूचा काळ ७१ महायुगांचा धरला, तर चौदा मनूंची ९९४ महायुगे होतात. उरलेली सहा महायुगे पंधरा संधिकालांत वाटलेली आहेत; प्रत्येक संधी एका कृतयुगाएवढा असतो. अशा रीतीने सहस्राचा हिशेब पुरा होतो.

हा हिशेब मनुस्मृती, पुराणे आणि सूर्यसिद्धान्त यांच्या परंपरेतील आहे. परंतु ज्योतिषाचार्यांत या बाबतीत एकवाक्यता नव्हती, हेही जिज्ञासूंनी ध्यानात घ्यावे. इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटाने महायुगाचे चार समान भाग केले आणि एका मनूची ७२ महायुगे धरली. त्यामुळे त्याचा कल्प १००८ महायुगांचा झाला. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने, हे स्मृतीला सोडून आहे, असा आक्षेप त्यावर घेतला. वाद झाला, ग्रंथ लिहिले गेले, गणिते तपासली गेली. पण मोक्षशास्त्राला त्यामुळे कोठेही तडा गेला नाही. कल्प सहस्र महायुगांचा असो की आठ अधिक असो, मोक्षशास्त्राला जे सांगावयाचे आहे ते त्या आठांवर अवलंबून नाही.

२. गीतेत ही संख्या कोठे येते?

श्रीमद्भगवद्गीतेच्या आठव्या अध्यायाच्या सतराव्या श्लोकात ब्रह्मदेवाच्या अहोरात्राचा निर्देश आहे. तेथे युगांची वर्षे मोजून दाखविलेली नाहीत; केवळ सहस्र युगांचा उल्लेख आहे. तो कोणत्या प्रकरणात आला, हे पाहणे अत्यंत महत्त्वाचे आहे. अध्यायाच्या आरंभी अर्जुनाने विचारलेल्या प्रश्नांपैकी शेवटचा प्रश्न मरणकाळाविषयीचा आहे: संयमी पुरुषांनी प्रयाणसमयी भगवंताला कसे जाणावे? त्या प्रश्नाच्या उत्तरातच सोळावा श्लोक येतो. ब्रह्मलोकापर्यंतचे सर्व लोक पुनरावृत्तीच्या कक्षेत आहेत, असे तो सांगतो. त्याला लागूनच सहस्र युगांचा दिवस येतो.

यावरून त्या संख्येचे प्रयोजन स्पष्ट होते. मनुष्याला दीर्घ वस्तू नित्य वाटते. शंभर वर्षांचा वाडा त्याला कायमचा वाटतो, स्वर्ग तर त्याहूनही कायमचा. भगवंत त्याच्या कल्पनेत मावेल त्याहून मोठा काळ त्याच्यापुढे ठेवतात आणि सांगतात की, त्यालाही संध्याकाळ आहे. येथे वर्षे सांगून जगाचा जन्मदाखला दिलेला नाही. जे मोजता येते ते संपते, एवढेच दाखविले आहे. पुढच्या दोन श्लोकांत, दिवस उगवला की अव्यक्तातून भूतसमुदाय प्रकट होतो आणि रात्र पडली की त्यातच लीन होतो, असे वर्णन आहे. आणि त्यानंतर लगेच विसाव्या श्लोकात त्या अव्यक्ताच्याही पलीकडे असलेल्या, भूते नष्ट झाली तरी नष्ट न होणाऱ्या सनातन भावाचा निर्देश येतो. सर्व गणिताचा रोख त्या भावाकडे आहे.

३. कार्य कारणात कसे असते?

विश्वाचा विचार करताना दर्शनकारांनी "केव्हा" यापेक्षा "कसे" या प्रश्नाला अधिक महत्त्व दिले. कार्य आपल्या कारणात आधीपासून असते की नसते? या एका प्रश्नाच्या उत्तरातून तीन प्रसिद्ध वाद निर्माण झाले.

न्याय-वैशेषिकांचा आरंभवाद म्हणतो की, कार्य उत्पत्तीपूर्वी नसते. तंतू होते, वस्त्र नव्हते. विणकराने विणले तेव्हा ते नवीन आरंभले. पृथ्वी, जल, तेज आणि वायू यांचे परमाणू नित्य आहेत. दोन परमाणूंचे द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक होते. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत तरंगणारा सूक्ष्म कण हे त्र्यणुकाचे उदाहरण म्हणून सांगतात.

सांख्यांचा परिणामवाद याच्या उलट आहे. तेल तिळांतूनच निघते, वाळूतून निघत नाही. म्हणून ते तिळांत आधीच होते. त्रिगुणांची साम्यावस्था म्हणजे प्रकृती. ते साम्य ढळले की महत्, त्यापासून अहंकार, त्यापासून मन, दहा इंद्रिये व पाच तन्मात्रे, आणि तन्मात्रांपासून पाच महाभूते असा क्रम उलगडत जातो. साक्षी पुरुष धरून ही पंचवीस तत्त्वे होतात.

अद्वैताचा विवर्तवाद तिसरे उत्तर देतो. अंधुक प्रकाशात दोरीवर साप दिसतो. दोरी तेथे तशीच असते, तिचा साप झालेला नसतो. त्याप्रमाणे ब्रह्मात विकार न होताच जग भासते.

याखेरीज आणखी मते आहेत. श्रीरामानुजाचार्यांच्या मते चित् आणि अचित् हे ईश्वराचे शरीर असून प्रलयात ते सूक्ष्म, तर सृष्टीत स्थूल असते. कुमारिल भट्टांनी तर संपूर्ण विश्वाचा एकाच वेळी प्रलय होतो हे मान्यच केले नाही. श्रीज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त अज्ञानाच्या कल्पनेचेच खंडन करून जगाकडे चैतन्याचा विलास म्हणून पाहिले. वैदिक परंपरेत एवढी भिन्न मते शेजारी शेजारी नांदली आहेत. म्हणून "शास्त्राचे विश्वाविषयीचे मत" असे एकच वाक्य उच्चारणे धाडसाचे ठरते.

संसारी मनुष्याला मात्र या तिन्ही वादांतून काही ना काही घेता येते. आरंभवाद त्याला शिकवितो की, जे जोडून झाले आहे ते कधी तरी सुटे होणार. घर, कुटुंब, संपत्ती ही सारी जुळणी आहे. परिणामवाद त्याला सावध करतो की, उद्या जे प्रकट होणार ते आजच बीजरूपाने आत आहे. मुलाच्या स्वभावात पुढे जे दिसेल ते आज घरात जे पेरले जाते त्याच्याशी निगडित आहे. आणि विवर्तवाद त्याला सांगतो की, दोरीवरचा साप काठीने मरत नाही; तेथे दिवा न्यावा लागतो.

४. विज्ञानाची कसोटी निराळी

आधुनिक विज्ञानाचा मार्ग निरीक्षणाचा आहे. १९२७ मध्ये लमेत्र यांनी प्रसरण पावणाऱ्या विश्वाची कल्पना मांडली आणि १९२९ मध्ये हबल यांनी दूरच्या दीर्घिका अधिक वेगाने दूर जात असल्याचे निरीक्षणांच्या आधारे दाखविले. १९४८ मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थितीचा सिद्धांत पुढे ठेवला; त्यानुसार विश्वाला आरंभ नव्हता. कोल्हापूर येथे १९३८ मध्ये जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉइल यांचे विद्यार्थी झाले आणि पुढे या विचाराचे पुरस्कर्ते म्हणून जगभर ओळखले गेले. १९६५ मध्ये पेंझियस आणि विल्सन यांनी सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मतरंगांचा शोध प्रसिद्ध केला, तेव्हा बहुसंख्य शास्त्रज्ञांचा कौल महास्फोटाच्या बाजूने गेला. तरीही १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी आपला सिद्धांत सुधारून नव्या रूपात मांडला. २०२५ मध्ये नारळीकर निवर्तले. पण बहुमताविरुद्ध उभे राहूनही आपले मत निरीक्षणाच्या कसोटीला लावण्याची त्यांची वृत्ती अनुकरणीय आहे.

या इतिहासातून श्रद्धावानांनी एक धडा घ्यावा. १९५० च्या सुमारास कोणी "विश्व अनादि आहे, हे विज्ञानानेच सिद्ध केले" असे म्हणून स्थिर स्थितीच्या सिद्धांताला गीता बांधली असती, तर १९६५ नंतर त्याची काय गत झाली असती? विज्ञानाला आपले मत बदलण्याची मोकळीक हवी; तेच त्याचे सामर्थ्य आहे. त्याच्या आजच्या निष्कर्षाच्या खुंटीला शास्त्र टांगले, तर उद्या खुंटी हलताच शास्त्र खाली येईल, आणि दोष टांगणाऱ्याचा असेल. ४५४ आणि ४३२ या आकड्यांचे सान्निध्य पाहून हर्ष मानणे, हा असाच खुंटीचा आधार आहे. शिवाय कल्पाचा आकडा पृथ्वीचे वय म्हणून सांगितलेलाच नाही. तो एका दिवसाचा अवधी आहे.

५. चार प्रलय

मग शास्त्राचे विश्वचिंतन पडताळून पाहण्यास काही मार्ग आहे काय? आहे, आणि त्यासाठी दुर्बीण लागत नाही. श्रीमद्भागवताच्या बाराव्या स्कंधात चार प्रलय सांगितले आहेत. ब्रह्मदेवाच्या रात्री होतो तो नैमित्तिक. त्याचे आयुष्य संपल्यावर सर्व तत्त्वे प्रकृतीत लीन होतात तो प्राकृतिक. भूतमात्रांत अखंड चाललेला नाश तो नित्य. आणि ज्ञानाने अविद्येचा नाश होऊन जो होतो तो आत्यंतिक, म्हणजेच मोक्ष. धर्मराजाध्वरींद्रांनी 'वेदान्तपरिभाषे'त नित्य प्रलय म्हणजे सुषुप्ती, गाढ निद्रा, असे सांगून हा विषय प्रत्येकाच्या अंथरुणापर्यंत आणून ठेवला आहे.

याचा विचार करावा. रात्री गृहस्थ निजतो तेव्हा त्याचे घर, शेत, दुकान, नाते, मान-अपमान सर्व काही त्याच्यापुरते मावळते. राजाला तेथे राज्य नसते, ऋणकोला ऋण नसते. पहाटे तो जागा होतो आणि तेच घर, तेच ऋण, तोच राग, तेच प्रेम पुन्हा उभे राहते. झोपेत काहीच नष्ट झाले नव्हते; सारे बीजरूपाने राहिले होते. गीतेने भूतसमुदायाविषयी जे सांगितले, तोच समुदाय पुन:पुन्हा परवशपणे उत्पन्न होतो आणि लीन होतो, त्याचा अनुभव प्रत्येक प्राणी रोज घेत असतो. विश्वाला जशी ब्रह्मदेवाची रात्र, तशी गृहस्थाला त्याची स्वतःची रात्र.

परंतु निद्रेने कोणी मुक्त होत नाही. सहस्र युगांच्या दीर्घ निद्रेनेही होत नाही. कारण बीज जळलेले नसते. यावरून पहिल्या तीन प्रलयांतील आणि चौथ्यातील भेद ध्यानात येतो. पहिले तीन न मागता येतात. चौथ्यासाठी मनुष्याला स्वतः जागे व्हावे लागते. एवढ्या अफाट विश्वात क्षुद्र मनुष्याला महत्त्व काय, या शंकेचे उत्तरही येथेच आहे. काळाच्या मापाने तो क्षुद्र आहे खरा. पण जो प्रलय अवघ्या ब्रह्मांडाच्या लयाने साधत नाही, तो या क्षुद्र देहात ज्ञानाने साधतो.

६. मुलाला काय सांगावे?

वडिलांनी मुलाला सरळ सांगावे की, विश्वाचे आणि पृथ्वीचे वय किती, हे शोधणे विज्ञानाचे काम आहे, आणि ते जे पुराव्याने सांगेल ते मोकळ्या मनाने शिकावे. ज्याला वय आहे त्याला चिकटून मनुष्याला शाश्वत सुख मिळेल काय, हा गीतेचा प्रश्न आहे. १३८० कोटी वर्षांनी तो प्रश्न सुटत नाही आणि ४३२ कोटी वर्षांनीही सुटत नाही. दोन्ही संख्यांपुढे मनुष्याचा अहंकार सारखाच लहान होतो.

आणि मग, सर्वच जाणार तर कर्म कशाला करावे, असे मुलाने विचारले तर त्याला पूजेच्या आरंभीचा संकल्प समजावून द्यावा. त्यात ब्रह्मदेवाच्या आयुष्याचे दुसरे परार्ध, श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे कलियुग आणि त्याचा पहिला चरण, एवढा महाकाल उच्चारला जातो. मग देश येतो, प्रांतपरत्वे नदीचे नाव येते, संवत्सर, मास, तिथी, वार आणि नक्षत्र येते. शेवटी यजमानाचे गोत्र आणि नाव येते. एवढे सारे उच्चारून तो काय करतो? पळीभर पाणी सोडतो आणि हातातील कर्माला आरंभ करतो. कल्पाच्या विस्ताराने त्याचा हात थांबत नाही. आठव्या अध्यायातही, महाकालाचे वर्णन येण्यापूर्वीच, भगवंतांनी अर्जुनाला सर्वकाळ स्मरण ठेवून आपले कर्तव्य करण्याची आज्ञा दिलेली आहे.

म्हणून प्रत्येक गृहस्थाने निजण्यापूर्वी दोन क्षण स्वस्थ बसावे. दिवसभरात जे प्रकट झाले ते आता मावळत आहे, हे पाहावे. आणि जो हे मावळणे पाहतो तो मावळतो काय, याचा शोध घ्यावा. या अभ्यासाला संस्कृतचे ज्ञान लागत नाही, धन लागत नाही, वयाची अट नाही. विश्वाचे चिंतन याच ठिकाणी साधना होते.