कुंपणावरचा सरडा, पठारावरचा सरडा

मंडळी, सरडा आपल्या ओळखीचा. नांदेड असो की लातूर, बांधावर, बाभळीवर, कुंपणावर तो दिसतोच. 'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण नेहमी बोलतो. पण सरडा दिसला, की पोरे दगड उचलतात.

माझ्या शाळेतही तसेच झाले. एका सरड्याचा गळा लालभडक झाला होता. पोरे ओरडली, "गुरुजी, हा माणसाचं रक्त पितो!" मी म्हणालो, "नाही रे बाबांनो. विणीच्या दिवसांत नराचा गळा असा लाल होतो. मादीला बोलवायचे, दुसऱ्या नराला दटवायचे, म्हणून हा रंग. धरला तर तो चावेल. पण त्याला विष नाही."

सरडा खातो काय? मुंग्या, नाकतोडे, भुंगेरे, अळ्या. म्हणजे तो आपल्या शेतातला बिनपगारी राखणदारच.

सगळे सरडे एका जातीचे नसतात बरे का! सातारा जिल्ह्यात चाळकेवाडीचे उंच पठार आहे. तिथे एक निराळा सरडा जमिनीवर, दगडांवर राहतो. नराच्या गळ्याखाली पंख्यासारखी कातडी असते. ती उघडली, की निळा, काळा, नारिंगी रंग झळकतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी अशा सरड्यांचा वेगळा गट केला. त्या गटाला नाव दिले 'सरडा'! आपला मराठी शब्द जगाच्या शास्त्रात गेला.

या पठारावर विजेसाठी पवनचक्क्या उभ्या आहेत. तिथे काय बदलले, ते शास्त्रज्ञांनी पाहिले. २०१८ साली त्यांनी ते छापून सांगितले. पवनचक्क्यांपाशी शिकारी पक्षी फार कमी झाले होते. खाणारा कमी झाला, म्हणून सरडे वाढले. त्यांची भीती गेली. माणूस जवळ आला, तरी ते लवकर पळेनात. पण तोंडे वाढली आणि खाणे पुरेना, सरडे रोडावले. गळ्याचे रंगही फिके पडले.

पाहा, एक कडी हलली, की सारी साखळी हलते. आपल्या शिवारातही तसेच आहे. पक्षी सरडा खातो, सरडा किडे खातो, किडे आपले पीक खातात. मग सरडा मारून आपण कुणाचे भले करतो? किड्यांचेच!

तेव्हा पोराच्या हातातला दगड खाली ठेवायला सांगा. हा पाठही त्याला वाचून दाखवा.

प्रश्न :
१. नर सरड्याचा गळा लाल का होतो?
२. पवनचक्क्यांपाशी सरडे का वाढले?
३. तुमच्या बांधावरचा सरडा काय खातो, ते पाहून सांगा.