नकारामागचे मन ओळखू या

वाचन : दानिएल, अध्याय ३, रोमकरांस पत्र, अध्याय १४



नोव्हेंबर महिन्यात आपण दफनभूमीत जाऊन आपल्या प्रियजनांच्या कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. ती फुले आपण कुणाच्या धाकाने वाहत नाही. पण समजा, फाटकातच कुणी उभे राहून "फूल वाहिले नाहीस, तर तू आमचा नाहीस" असे बजावू लागले तर? फूल तेच राहील, पण त्यातली आठवण जाईल आणि केवळ परीक्षा उरेल. अशा वेळी जो नकार देतो, त्याच्याकडे आपण कसे पाहावे, याचा आज विचार करू या.

मुंबईच्या मैदानावर

एके काळी आपल्या मुंबईत क्रिकेटचे संघ धर्मावरून ठरत. १९१२ पासून युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान असे चार संघ एकमेकांशी खेळू लागले. १९३७ मध्ये पाचवा संघ आला. त्याचे नाव होते 'इतर'. आपल्या ख्रिस्ती खेळाडूंना त्यात जागा मिळाली. लोक हजारोंनी सामने पाहायला जात.

त्या काळात दोन नकार गाजले. १९३२ मध्ये भारताचा संघ आपला पहिला कसोटी सामना खेळायला इंग्लंडला निघाला होता. गांधीजी आणि इतर पुढारी तुरुंगात असताना आपण जाणार नाही, असे विजय मर्चंट यांनी ठरवले. तेव्हा ते विशीत होते. त्यांचा नकार देशाला नव्हता. पुढच्याच वर्षी मुंबईत झालेल्या कसोटी सामन्यात ते भारताकडून खेळले.

दुसरा नकार १९४० चा. हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींचा सल्ला घ्यायला वर्ध्याला गेली. जग युद्धाच्या शोकात आहे, सत्याग्रही तुरुंगात आहेत, अशा वेळी हा उत्सव नको, असे गांधीजींचे मत पडले. धर्मावरून संघ पाडणेही त्यांना मान्य नव्हते. त्या वर्षी हिंदू संघ खेळला नाही. खेळाची आवड असलेले पुष्कळ लोक नाराज झाले. पुढच्या वर्षी संघ परतला, पण उठलेला प्रश्न मिटला नाही. अखेर १९४६ मध्ये ही स्पर्धा कायमची बंद झाली.

याच 'इतर' संघात सांगलीचे विजय हजारे खेळत. ते मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. १९४३ च्या अंतिम सामन्यात संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्यांच्या एकट्याच्या होत्या. पुढे १९५२ मध्ये मद्रासला भारताने इंग्लंडला हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. ज्याला 'इतर' म्हटले, त्यानेच सर्वांचे नेतृत्व केले.

डेरीचा फुटबॉलपटू

आमच्या तरुणांना फुटबॉलचे वेड आहे, म्हणून एक उदाहरण तिकडचे. इंग्लंडमध्ये दर नोव्हेंबरला युद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ लोक छातीवर पॉपीचे लाल फूल लावतात. खेळाडूंच्या शर्टावरही ते छापलेले असते. जेम्स मॅक्लीन या खेळाडूने २०१२ पासून ते लावायला नकार दिला.

तो उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरातला, कॅथोलिक वस्तीत वाढलेला. तिथे कॅथोलिक आणि प्रोटेस्टंट समाजांतले वैर जुने आहे. ३० जानेवारी १९७२ रोजी ब्रिटिश सैनिकांनी डेरीत मोर्च्यातल्या निःशस्त्र लोकांवर गोळीबार केला. त्या दिवशी १३ जण ठार झाले. त्यांतले सहा जण त्याच्याच वस्तीतले होते. २०१० मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी या घटनेबद्दल माफी मागितली.

२०१४ मध्ये मॅक्लीनने आपल्या क्लबच्या मालकाला पत्र लिहून आपली बाजू मांडली. दोन महायुद्धांतल्या मृतांबद्दल त्याला आदर होता. हे फूल केवळ त्यांच्यासाठी असते, तर त्याने ते आनंदाने लावले असते. पण ते त्यानंतरच्या सैनिकी कारवायांचेही प्रतीक असल्याने, ते लावणे म्हणजे डेरीच्या मृतांचा अपमान, असे त्याला वाटत होते. तरीही वर्षानुवर्षे प्रेक्षकांनी त्याला शिव्या दिल्या.

त्याचे सर्वच वागणे योग्य होते असे नाही. २०२० मध्ये चेहरा झाकणारा काळा मुखवटा घालून मुलांसमोर 'इतिहास शिकवतानाचा' फोटो त्याने टाकला. त्या मुखवट्याने बंदूकधाऱ्यांची आठवण होऊन लोक दुखावले, आणि क्लबने त्याला दंड केला. विवेकाने दिलेला नकार आणि दुसऱ्याच्या जखमेवर मीठ चोळणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

शास्त्र काय शिकवते?

वाद्ये वाजली की राजाच्या सुवर्णमूर्तीपुढे सर्वांनी लोटांगण घालावे, असा हुकूम होता. शद्रख, मेशख आणि अबेद्नगो उभेच राहिले. पण ते बाबेलचे शत्रू नव्हते. त्याच राज्याचा कारभार ते इमानाने पाहत होते आणि नंतरही पाहत राहिले. त्यांचा नकार सक्तीला होता, राज्यातल्या लोकांना नव्हता.

रोमच्या ख्रिस्ती मंडळीत खाण्यापिण्यावरून आणि सणवारांवरून तट पडले होते. संत पौल एका बाजूला सांगतो, भावाला तुच्छ लेखू नका. दुसऱ्या बाजूला सांगतो, भावाचा न्याय करू नका. म्हणजे जबाबदारी दोघांचीही आहे. ज्याला नकार द्यायचा आहे, त्याने तो नम्रपणे, कारण सांगून द्यावा. ज्यांना तो नकार खुपतो, त्यांनी शिक्का मारण्यापूर्वी कारण विचारावे.

आपण या देशात संख्येने थोडे आहोत. आपल्या निष्ठेवर कुणी संशय घेतला, तर मनाला किती लागते, हे आपल्याला ठाऊक आहे. मग आपल्या सोसायटीत, शाळेत, कामाच्या ठिकाणी कुणी वर्गणी द्यायला, घोषणा द्यायला किंवा टिळा लावायला नको म्हटले, तर त्याला परका ठरवण्याची घाई निदान आपण तरी करू नये. आणि आपल्या धर्मग्रामातही भाषेवरून, गावावरून कुणाला 'इतर' संघात बसवू नये.

घरी आणि समूहात चर्चेसाठी

१. आदर आणि आदराची सक्ती यांतला फरक मुलांना कसा समजावून सांगाल?

२. कुणाचा नकार ऐकून आपण कारण न विचारताच मत बनवले, असे कधी झाले का?

३. या आठवड्यात अशा कोणाशी शांतपणे बोलता येईल?